सागाचं लाकूड आणि नवखे हात

आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगुहून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरीही या मुलखाचं पाणी समुद्रालाच जाऊन मिळतं. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरची पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. गोदावरीच्या खोऱ्यातला साग एकेकाळी नदीतूनच खाली सोडला जाई. तिच्या मुखाशी कोरिंगा नावाचं जहाजबांधणीचं बंदर होतं. १८३९ च्या वादळाने ते उद्ध्वस्त केलं.

सागाइतकं नावेला मानवणारं लाकूड क्वचितच सापडतं. त्यातल्या तेलामुळे ते सहसा कुजत नाही आणि ओकसारखं लोखंडी खिळ्यांना खातही नाही. लवजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने सागाचीच जहाजं बांधली. त्यांपैकी १८१७ चं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे.

वाडियांचं घराणं कसबी होतं. पण पूर्वी कधी नाव न बांधलेल्या माणसाने हे काम अंगावर घेतलं, तर ते तडीस कसं जातं? शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीला आरमाराची सुरुवात केली तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. १६५९ मध्ये रुई लैतांव व्हिएगश हा पोर्तुगीज आणि त्याचा मुलगा त्यांच्या जहाजांच्या कामावर होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फितवून काढून नेलं, तरी आरमार उभं राहिलंच.

या प्रश्नाचं सर्वांत बोलकं उत्तर मुंबईतच, कुलाब्याला सापडतं. १९६३ च्या सुमारास रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज मुंबईहून सुटणाऱ्या व्यापारी बोटींवर अधिकारी होता. स्वतःची शिडाची नाव बांधून तिच्यातूनच घरी जायचं, असं त्याने सहकाऱ्यांसह ठरवलं. इंग्लंडहून मागवलेला आराखडा आला तो भलताच. तो होता विल्यम अ‍ॅटकिनच्या ‘एरिक’चा, १९२० च्या दशकातल्या जुन्या धाटणीच्या ३२ फुटी नावेचा. दुसरा मागवण्याइतका वेळ नव्हता, म्हणून त्याच आराखड्यावर काम सुरू झालं. सागाचं लाकूड वाकसाने तासत आणि धनुष्यासारख्या दांडीने फिरणाऱ्या सामत्याने भोकं पाडत हिंदुस्थानी सुतारांनी ती बांधली. नारळ फोडून तिला पाण्यात सोडलं आणि नाव ठेवलं ‘सुहेली’.

बांधणीच्या वेळी मालक स्वतः तिथे हजर होता. त्याचं मोल पुढे कळलं. जून १९६८ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या स्पर्धेत निघाला. केप व्हर्दे बेटांच्या दक्षिणेला नावेत पाणी भरू लागलं. खाली, कण्याला लागून असलेल्या पहिल्या फळीचा सांधा उघडत होता. तो पाण्यात उतरला, श्वास रोखून सांध्यात कापूस ठासू लागला. कापूस टिकेना, तेव्हा त्यावर कॅनव्हासची पट्टी आणि तांब्याचा पत्रा ठोकला. मधेच शार्क घिरट्या घालू लागला, त्याला बंदुकीने मारावं लागलं. फळ्या कशा बसवल्या आहेत हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसालाच भर समुद्रात, पाण्याखाली अशी दुरुस्ती सुचते आणि जमते. त्या स्पर्धेत नऊ जण उतरले होते. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला फॅल्मथला परतला तो एकटा ‘सुहेली’वाला. मुंबईच्या अनाम सुतारांचं नाव या कीर्तीत फारसं कोणी घेत नाही, याची खंत वाटते.

पुढचा धागा मराठी माणसांच्या हातात येतो. भारतीयाने, भारतात बांधलेल्या नावेतून एकट्याने प्रदक्षिणा करावी, हा ध्यास निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा. त्यासाठी पुढे झाले नौदलातले पाणबुडे कमांडर दिलीप दोंदे. आधी ते नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडेच शिकायला गेले. आणि नाव बांधायला घेतली गोव्यात दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांनी. त्यांच्या कारखान्यात फायबरच्या बोटी होत. समुद्र ओलांडणारी शिडाची नाव त्यांनी कधी बांधली नव्हती. आराखडा हॉलंडच्या व्हॅन डी स्टाट यांचा, लांबी ५६ फूट. ज्या पद्धतीने ती बांधली, तीत सांगाड्यावर सीडर लाकडाच्या चिंचोळ्या पट्ट्या एकमेकींना चिकटवत जातात आणि मग आतून-बाहेरून इपॉक्सी व काचतंतूंचं आवरण देतात. काम किचकट आहे, पण तळाची मोठी फळी अखंड वाकवावी लागत नाही, म्हणून घरच्या अंगणात नाव बांधणारे जगभरचे हौशीही हीच रीत पत्करतात.

‘म्हादेई’ नावाची ही नौका फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. १९ ऑगस्टला दोंदे मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली, केपटाऊन असे चार थांबे घेत मे २०१० मध्ये मुंबईत परतले. एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये त्याच नावेतून अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले.

पुढे टॉमींना १९६८ च्या त्या स्पर्धेच्या २०१८ मधल्या नव्या आवृत्तीसाठी जुन्या धाटणीची नाव हवी होती. दांडेकरांनी ‘सुहेली’च्याच घडणीची ‘तुरीया’ बांधली. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिची डोलकाठी मोडली आणि जखमी टॉमींना फ्रेंच जहाजाने सोडवलं. ‘म्हादेई’च्या आराखड्यावरची ‘तारिणी’ मात्र त्याच कारखान्यातून २०१७ मध्ये बाहेर पडली, आणि वर्तिका जोशींसह नौदलाच्या सहा महिला अधिकारी मे २०१८ मध्ये तिच्यातून जग फिरून गोव्याला परतल्या.