स्टेपनी: पहिल्यापासूनच तात्पुरती

वाईहून पाचगणीला निघालात, पसरणी घाटात गाडी पंक्चर झाली. तोंडातून पहिलं काय निघतं? "स्टेपनी काढ!" पण हा शब्द आला कुठून?

वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर दुकान असलेल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली एक जादा चाक बनवलं. तेव्हा गाडीसोबत असं चाक मिळतच नसे. त्यांच्या चाकाला आरे नव्हते. नुसत्या रिमवर हवा भरलेला टायर. तो पंक्चर चाकाला बाजूनं क्लॅम्पनं आवळायचा आणि निघायचं. म्हणजे पहिली स्टेपनीच तात्पुरती!

पुढे पूर्ण चाक आलं. पण जुन्या स्पोर्ट्स कारची डिकी एवढीशी, म्हणून हौशी मंडळी आज तिच्यात बारीक स्टेपनी बसवतात. तेव्हा तीन गोष्टी बघा: बोल्टची भोकं जुळतात का, रिम ब्रेकला घासत नाही ना, आणि चाकाची उंची बाकीच्यांएवढी आहे ना. हवा बहुतेक ६० पीएसआय, वेग ताशी ८० किलोमीटरच्या आत. घाटात त्याहून बराच कमी, कारण पकड कमी असते.

सव्वाशे वर्षं होत आली, तिचं काम तेच आहे: पंक्चरवाल्यापर्यंत पोचवणं. पाचगणी फिरवणं नाही!