डांगाण (अकोले तालुका)

डांगाण : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा पश्चिमेकडील डोंगराळ, आदिवासीबहुल भाग. दाट झाडीच्या डोंगराळ मुलखाला ‘डांग’ म्हणतात, त्यावरून हे नाव रूढ झाले. जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यातील या तालुक्याच्या उत्तरेस इगतपुरी व सिन्नर (नाशिक जिल्हा), पश्चिमेस शहापूर व मुरबाड (ठाणे जिल्हा), दक्षिणेस जुन्नर (पुणे जिल्हा) आणि पूर्वेस संगमनेर हे तालुके आहेत. तालुक्याचे क्षेत्रफळ सुमारे १,५०० चौ.किमी., तर लोकसंख्या सुमारे २.९ लाख (२०११) असून तीत अनुसूचित जमातींचे लोक जवळपास निम्मे आहेत. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई, भंडारदरा धरण आणि हरिश्चंद्रगड ही डांगाणातील सर्वपरिचित स्थळे होत. अकोले हे तालुक्याचे ठिकाण प्रवरा नदीकाठी वसले असून विदर्भातील अकोला शहराशी त्याचा संबंध नाही.

भूरचना व पाऊस : हा प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणाचा म्हणजे बेसाल्टचा आहे. लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांमुळे डोंगरांच्या बाजू पायऱ्यांसारख्या दिसतात. सह्याद्रीची मुख्य धार तालुक्याच्या पश्चिम सीमेवरून दक्षिणोत्तर जाते. कोकणच्या बाजूला ती कड्यांनी एकदम तुटते, तर पूर्वेकडे तिचे फाटे सावकाश उतरत जातात. या फाट्यांच्या दरम्यान प्रवरा, मुळा व आढळा या नद्यांची खोरी आहेत. प्रवरा रतनगडाच्या परिसरात आणि मुळा हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावते. मुळा पुढे प्रवरेला मिळते आणि प्रवरा गोदावरीला.

अरबी समुद्रावरून येणारे ढग या धारेवर अडतात. कड्यावरच्या घाटघर गावात काही वर्षी ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे तो झपाट्याने उतरतो आणि तालुक्याच्या पूर्व भागात जेमतेम काही शे मिमी. पावसावर शेती करावी लागते. अवर्षणग्रस्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील हा सर्वांत पावसाळी कोपरा आहे. डोंगरउतारावर मात्र पाणी ठरत नाही. पावसाळा सरला की ते ओढ्या-नद्यांवाटे खाली निघून जाते आणि उन्हाळ्यात उंचावरच्या वाड्यांना टंचाई जाणवते.

धरणे व धबधबे : वाहून जाणारे हे पाणी अडवण्यासाठी प्रवरेवर भंडारदरा येथे दगडी धरण बांधण्यात आले. काम १९१० मध्ये सुरू झाले. १९२६ मध्ये ते पूर्ण होऊन मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. धरणाची उंची सुमारे ८२ मी. व लांबी सुमारे ५०७ मी. असून पाणीसाठा सुमारे ११ टीएमसी आहे. ‘विल्सन डॅम’ व जलाशयाचे ‘आर्थर लेक’ ही नावे त्या काळातली. या पाण्यावर खालच्या भागात कालव्यांचे बागायती क्षेत्र तयार झाले, ऊस वाढला आणि विसाव्या शतकाच्या मध्यास प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. धरणातून सोडलेले पाणी एका गोलसर खडकावरून छत्रीच्या आकारात पसरून पडते. हा ‘अंब्रेला फॉल’ पाणी सोडले असतानाच दिसतो.

धरणाच्या खालच्या बाजूस प्रवरेवरच रंधा धबधबा आहे. सुमारे ५० मी. उंचीवरून पाणी खोल घळीत कोसळते. काठावर घोरपडादेवीचे मंदिर आहे. आणखी खाली असलेल्या निळवंडे धरणाला १९७० मध्ये मंजुरी मिळाली, पण त्याच्या कालव्याच्या जलपूजनासाठी २०२३ साल उजाडावे लागले. घाटघर येथे २५० मेगावॅट क्षमतेचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा कोकणातल्या खालच्या तलावातील पाणी पंपाने वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज निर्माण करायची, असे त्याचे कार्य चालते.

वनस्पती व प्राणी : कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३६२ चौ.किमी. आहे. हिरडा, बेहडा, जांभूळ, आवळी, ऐन ही येथील प्रमुख झाडे. उतारांवर कारवीचे रान असते. ती सात वर्षांतून एकदा फुलते व त्यानंतर वाळते. तिच्या काटक्यांचे कूड शेणामातीने लिंपून घरांच्या भिंती करण्याची रीत जुनी आहे. सप्टेंबरमध्ये सोनकीच्या फुलांनी पठारे पिवळी होतात. बिबट्या, तरस, साळिंदर, रानमांजर हे प्राणी अभयारण्यात आढळतात.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पावसाने जोर धरण्यापूर्वी, भंडारदरा परिसरात आणि मुळा खोऱ्यातील पुरुषवाडीत काजव्यांचा हंगाम असतो. हिरडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एका लयीत उजळतात आणि मालवतात. हा नर-मादीच्या मीलनाचा संकेत असतो. गाड्यांचे दिवे, विजेऱ्या व मोबाइलच्या उजेडात तो हरवतो. झाडाखालच्या गवतातील माद्या व अळ्या पायांखाली तुडवल्या जातात. गर्दीवर निर्बंध घालण्याची वेळ वनविभागावर आली ती यामुळेच.

शिखरे, दुर्ग व दऱ्या : कळसूबाई (१,६४६ मी.) शिखराची नेहमीची वाट बारी गावातून जाते. कातळाच्या अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. माथ्यावर कळसूबाईचे लहान मंदिर असून नवरात्रात तेथे मोठी यात्रा भरते. कळसू ही कोळ्याची मुलगी एका घरी कामाला राहिली, ती भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर. अट मोडून तिला तेच काम सांगण्यात आले, तेव्हा ती डोंगरावर निघून गेली आणि तेथेच राहिली, अशी लोककथा आहे. वाटेवरील ‘थाळेमेळ’ हे ठिकाण या कथेशी जोडले जाते.

रतनगडाच्या (१,२९७ मी.) माथ्यावर कातळाला आरपार पडलेले ‘नेढे’ आहे. गडाला गणेश, हनुमान, कोकण व त्र्यंबक असे चार दरवाजे आहेत. साम्रद गावाजवळची सांदण दरी म्हणजे बेसाल्टमधील सुमारे दोन किमी. लांबीची अरुंद भेग. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर भिंतींना टेकतात. पावसाळ्यात तिच्यातून लोंढे वाहत असल्याने तेव्हा आत उतरणे जिवावर बेतू शकते. पट्टा किल्ल्यावर १६७९ मध्ये जालन्याच्या मोहिमेवरून परतताना छत्रपती शिवाजी महाराजांनी मुक्काम केला. त्यावरून त्याला विश्रामगड हे नाव मिळाले. पाबरगड, कुंजरगड, भैरवगड, बितनगड हे तालुक्यातील इतर गड होत.

हरिश्चंद्रगड (सुमारे १,४२४ मी.) हा दुर्ग असण्यापेक्षा तीर्थ व साधनास्थान म्हणून अधिक जुना आहे. माथ्यावर हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव मंदिर आहे. शेजारच्या केदारेश्वराच्या गुहेत कंबरभर थंड पाण्याच्या मध्यभागी मोठे शिवलिंग असून भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. हे खांब म्हणजे चार युगे, अशी भाविकांची समजूत आहे. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ शके १२३४ (इ.स. १३१२) मध्ये याच गडावर रचला. पश्चिमेकडील कोकणकडा अंतर्गोल, अर्ध्या वाटीसारखा आहे. सकाळी सूर्य पाठीशी आणि दरीत धुके असे जुळून आले की पाहणाऱ्याची सावली धुक्यावर पडते व तिच्याभोवती रंगीत वर्तुळ दिसते. त्याला ‘इंद्रवज्र’ म्हणतात. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या हवामानावरील १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनात या दृश्याचे वर्णन केले आहे. गडावर अकोले तालुक्यातील पाचनई आणि जुन्नर तालुक्यातील खिरेश्वर येथून वाटा आहेत. पाचनईची वाट तुलनेने सोपी आहे.

मंदिरे : रतनवाडी येथील अमृतेश्वर मंदिर भूमिज शैलीचे असून त्याच्या शिखरावरील शिल्पपट्ट्या व जवळची पुष्करिणी प्रेक्षणीय आहे. शिलाहार राजा झंझ याने बारा नद्यांच्या उगमांशी बारा शिवालये बांधली व त्यांपैकी हे प्रवरेचे, अशी परंपरा सांगते. आढळेकाठच्या टाहाकारी गावातील जगदंबेचे मंदिर यादवकालीन असून त्याच्या छताचे कोरीवकाम सूक्ष्म आहे. रावणाने हरण केले तेव्हा सीतेने येथे टाहो फोडला, अशी गावाच्या नावाची उपपत्ती लोक देतात. अकोले येथे सिद्धेश्वर मंदिर आणि अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. आश्रमात महाशिवरात्रीला यात्रा भरते.

लोक व संस्कृती : महादेव कोळी आणि ठाकर या येथील मुख्य जमाती होत. महादेव कोळ्यांत आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस पाळतात. गुराखी रानात वाघदेवाला नैवेद्य दाखवून गुरांच्या रक्षणाची प्रार्थना करतात. ठाकरांचा कांबडनाच आणि देवदेवतांचे मुखवटे घालून रात्रभर चालणारा बोहाडा हे लोककलेचे ठळक प्रकार आहेत. इंग्रजी राजवट व सावकारी जाच यांविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे (१८०५–१८४८) हे याच भागातील देवगावचे. त्यांना पंढरपूर येथे पकडण्यात आले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्यात फाशी देण्यात आली.

शेती व पशुधन : भात, नागली, वरई व खुरासणी ही मुख्य पिके. उन्हाळ्यात पालापाचोळा व शेण पसरून राब भाजतात, पहिल्या पावसात त्यात रोपे टाकतात आणि आषाढात चिखलणी करून आवणी उरकतात. काळभात, आंबेमोहोर, रायभोग, जिरवेल हे भाताचे जुने वाण येथे टिकून आहेत. कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचा संग्रह उभारला व ते बियाणे शेतकऱ्यांत फिरते ठेवले. ‘बीजमाता’ म्हणून परिचित असलेल्या राहीबाईंना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि पावसाळ्यातील कुर्डू, भारंगी यांसारख्या रानभाज्या हा रोजचा आहार.

डांगी ही येथील गुरांची जात. तिच्या कातडीतून स्रवणारा तेलकट द्राव पावसाचे पाणी मुरू देत नाही आणि खूर चिखल-कातळात टिकतात, म्हणून मुसळधार पावसातल्या भातशेतीला ती मानवते. राजूर येथे भरणारे डांगी जनावरांचे प्रदर्शन प्रसिद्ध आहे. हिरड्याची कोवळी फळे (बाळहिरडा) वाळवून विकणे हा उत्पन्नाचा पूरक मार्ग आहे. भात निघाल्यावर दुसरे पीक घेण्याइतके पाणी उरत नाही, त्यामुळे अनेक कुटुंबे नारायणगाव-ओतूरच्या बागायती पट्ट्यात मजुरीला जातात.

पर्यटन : कोल्हार-घोटी हा राज्यमार्ग अकोले, राजूर, शेंडी (भंडारदरा) व बारी या गावांवरून जातो. मुंबईकडून घोटीमार्गे आणि पुण्याकडून संगमनेरमार्गे येता येते. इगतपुरी हे जवळचे रेल्वेस्थानक आहे. रतनवाडीला शेंडीहून जलाशयाच्या कडेच्या रस्त्याने किंवा होडीने जाता येते. धबधब्यांसाठी जुलै-ऑगस्ट, फुलांसाठी सप्टेंबर-ऑक्टोबर, गड व सांदण दरीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. अभयारण्याच्या नाक्यांवर प्रवेशशुल्क आकारले जाते. गावोगावी घरगुती राहण्याजेवणाची सोय होत असल्याने पर्यटन हा स्थानिकांच्या उत्पन्नाचा नवा मार्ग झाला आहे. पुरुषवाडीसारख्या गावांत पाहुण्यांना शेतीच्या कामांतही सहभागी होता येते. काजव्यांचा हंगाम आणि वाड्यांवरील पाणीटंचाईचे दिवस एकच असल्याने मे-जूनमध्ये जाणाऱ्यांनी पिण्याचे पाणी बरोबर न्यावे.