मूळपदावर येणारा सार्वजनिक संगणक

मुंबई-सोलापूर आणि मिरज-लातूर हे लोहमार्ग सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी येथे एकमेकांस मिळतात. अशा जंक्शनच्या गावी सायबर कॅफेतील एकाच संगणकावर दिवसभरात अनेक अनोळखी हात फिरतात. कोणी प्रवेशअर्ज भरतो, कोणी रेल्वेचे तिकीट काढतो. डेस्कटॉपवरील बदललेले चित्र किंवा हलविलेली चिन्हे हा केवळ त्रास होय. मात्र ब्राउजरमध्ये साठलेला पासवर्ड वा डिस्कवर राहिलेली ओळखपत्राची प्रत पुढच्या माणसाच्या हाती लागणे, हा धोका होय. त्यावर संगणक आपोआप मूळ स्थितीत आणणे हा उपाय आहे.

त्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिली म्हणजे विंडोजमधील सक्तीचे प्रोफाइल. यात 'एनटीयूजर.डॅट' या फाइलचे नाव 'एनटीयूजर.मॅन' असे केले जाते. त्यानंतर वापरणाऱ्याने मांडणीत केलेले बदल लॉग-ऑफ होताच रद्द होतात. प्रोफाइलबाहेर साठविलेल्या फाइल मात्र तशाच राहतात.

दुसऱ्या पद्धतीत संपूर्ण डिस्कचे रक्षण होते. नवे लेखन मूळ प्रतीवर न होता तात्पुरत्या जागी होते आणि संगणक पुन्हा सुरू करताच नाहीसे होते. 'डीप फ्रीझ' हे सॉफ्टवेअर याच प्रकारचे काम करते. मायक्रोसॉफ्टने एक्सपी व व्हिस्टासाठी 'विंडोज स्टेडीस्टेट' मोफत दिले होते; त्याचे साह्य २०११ मध्ये थांबले. विंडोज १० व ११ च्या एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांत 'युनिफाइड राइट फिल्टर' ही सोय आहे.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. दोन ग्राहकांच्या मध्ये संगणक पुन्हा सुरू केला नाही, तर काहीच पुसले जात नाही. सुरक्षा अद्यतनेही पुसली जाऊ शकतात. म्हणून ती बसविताना संरक्षण तात्पुरते काढावे लागते. कळफलकाच्या तारेत बसविलेले चोरयंत्र तर कोणत्याच सॉफ्टवेअरने निघत नाही.

सायबर कॅफेविषयक २०११ च्या केंद्रीय नियमांनुसार पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंद किमान एक वर्ष जपावी लागते. त्यामुळे ही नोंद ग्राहकाच्या संगणकावर न ठेवता स्वतंत्र सर्व्हरवर ठेवणे आवश्यक ठरते. ग्राहकानेही उठण्यापूर्वी लॉग-आउट करून संगणक पुन्हा सुरू करण्याचा आग्रह धरावा.