बीट, लसूण आणि एफाव्हिरेन्झची स्वप्नं

मागच्या वेळी आपण दक्षिण आफ्रिकेपाशी थांबलो होतो. तिथूनच पुढे जाऊ.

१९९९ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात एझेडटी या एचआयव्हीविरोधी औषधाच्या विषारीपणाचा मुद्दा काढला. आता गंमत बघा, हे विधान सरळ खोटं नव्हतं. एझेडटीने रक्तक्षय होतो, हे डॉक्टरांना माहीत होतंच. पुढे २००४ मध्ये तिथल्या सरकारी दवाखान्यांत उपचार सुरू झाले, तेव्हा अनेकांना एफाव्हिरेन्झ मिळू लागलं. हे औषध थेट मेंदूवर परिणाम करतं. चक्कर येते, झोप मोडते, लक्ष लागत नाही आणि स्वप्नं अशी पडतात, की जाग आल्यावरही माणूस काही वेळ गोंधळलेला असतो. पहिल्या काही आठवड्यांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना यातलं काही ना काही जाणवतं. बहुतेकांचं ते ओसरतं, पण काहींना नैराश्य येतं. ज्याला हे भोगावं लागलं, त्याला 'औषध विषारी आहे' हे वेगळं पटवून द्यायला नको!

नेमक्या याच जागी जीवनसत्त्वांचा व्यापार शिरला. मॅथियास राथ हे जर्मन डॉक्टर जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकत. केपटाउनच्या खायेलित्शा वस्तीत त्यांच्या संस्थेने त्या एचआयव्हीबाधितांना वाटल्या आणि औषधं विषारी आहेत, अशा जाहिराती केल्या. आरोग्यमंत्री मांटो त्शबालाला-म्सिमांग लसूण, बीट, लिंबू यांची महती सांगत होत्या. २००६ च्या टोरांटो एड्स परिषदेत देशाच्या दालनात या वस्तू मांडलेल्या जगाने पाहिल्या.

आमच्या न्यायदर्शनात 'सव्यभिचार' नावाचा हेत्वाभास आहे. दिलेलं कारण साध्य असेल तिथेही सापडतं आणि नसेल तिथेही. 'दुष्परिणाम आहेत, म्हणून औषध त्याज्य' हे तसंच. दुष्परिणाम क्विनाइनलाही आहेत, भूल देण्यालाही आहेत. वर्गात मी हे खडूने फळ्यावर मांडून मोकळा झालो असतो. तिथे मात्र माणसं मरत होती. २००० ते २००५ या काळात औषधं वेळेत न दिल्यामुळे ३,३०,००० हून अधिक जीव गेले, असा हार्वर्डच्या संशोधकांचा २००८ मधला अंदाज आहे.

राथ पुरावा म्हणून टांझानियातल्या २००४ च्या अभ्यासाकडे बोट दाखवत. १,०७८ गर्भवती एचआयव्हीबाधित स्त्रियांपैकी ज्यांना ब, क आणि ई जीवनसत्त्वं दिली, त्यांचा आजार सावकाश वाढला, हे खरंच. पण त्या स्त्रियांना एचआयव्हीविरोधी औषधं मिळतच नव्हती. 'जीवनसत्त्वं औषधांची जागा घेऊ शकत नाहीत,' असं खुद्द त्या संशोधकांना जाहीरपणे सांगावं लागलं. औषधं सुरू झालेल्यांना जीवनसत्त्वांचा मोठा डोस टांझानियातच देऊन पाहिला, तर फायदा दिसला नाही, उलट यकृताच्या तपासण्या बिघडल्या. तो अभ्यास मधेच थांबवावा लागला.

मग जीवनसत्त्वं निरुपयोगी का? नाही हो. एचआयव्हीबरोबर क्षयरोगही पुष्कळांना असतो. क्षयावरच्या आयसोनियाझिडमुळे ब-६ कमी पडतं, हातापायांना मुंग्या येतात, आग होते. त्यावर ब-६ ची छोटीशी गोळी खरंच काम करते. पण हेच ब-६ भरमसाट घेतलं, तर तेही नसा बिघडवतं. डोस, आजार आणि माणूस यांच्यापासून तोडून 'जीवनसत्त्व' या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

२००८ च्या जूनमध्ये केपच्या उच्च न्यायालयाने राथ यांचे प्रयोग बेकायदा ठरवले.

आणि त्या स्वप्नांचं काय झालं? त्यांच्यावर उतारा निघाला, पण बीटातून नव्हे. सीवायपी-२बी-६ हे यकृतातलं विकर एफाव्हिरेन्झचा निचरा करतं. काहींमध्ये जनुकातल्या फरकामुळे ते मंद चालतं आणि औषध रक्तात साचतं. हा फरक आफ्रिकी लोकांत बराच आढळतो. म्हणजे कुरकुर करणारा रुग्ण वहमी नव्हता! झोपण्यापूर्वी, रिकाम्या पोटी गोळी घेतली, तर त्रास कमी होतो, कारण तेलकट जेवणाने रक्तातलं औषध वाढतं. पुढे ६०० ऐवजी ४०० मिलिग्रॅमही तितकंच परिणामकारक ठरतं, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. नंतर डोल्यूटेग्रॅव्हिर आलं. त्यानेही काहींची झोप उडते. अशांना डॉक्टर ती गोळी सकाळी घ्यायला सांगतात.