प्लेगचे गणित

रोगराईचा आणि बीजगणिताचा संबंध काय, असे कोणी विचारले तर आम्ही मुंबईच्या प्लेगकडे बोट दाखवितो. १८९६ मध्ये मांडवी भागात तो प्रथम ओळखला गेला. गिरणीकामगार चाळी सोडून गावाकडे पळाले. पुढे साथ दरसाल परतू लागली आणि मृत्यूंचे साप्ताहिक आकडे सरकारदप्तरी साठत गेले.

ते आकडे १९२७ मध्ये एडिंबरोच्या दोघांनी हाती घेतले. मॅकेंड्रिक हिंदुस्थानात वैद्यकीय नोकरी केलेले. कर्मॅक यांची दृष्टी १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात गेलेली. त्यांनी माणसांचे तीन गट मानले: रोग होऊ शकेल असे, रोगी, आणि बरे झालेले वा मेलेले. पहिल्या दोघांची गाठ जितकी वारंवार पडेल तितकी साथ चढते. पहिला गट विरळ झाला की सर्वांना गाठण्याआधीच ती ओसरते. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ चे मुंबईचे मृत्यू या हिशेबात जवळजवळ बसले. शिखरावर आठवड्याला सुमारे ९००!

प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे येतो, म्हणून हा मेळ ढोबळच, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. आमची तक्रार निराळी. या गणितात कोणीही कोणालाही सारख्याच सहजतेने भेटतो. मलबार हिलचा बंगलेवाला आणि दहा जणांच्या खोलीत निजणारा कामगार एका मापाचे कसे? तरीही त्याच समीकरणातून निघते की वस्तीची दाटी ठरावीक मर्यादेखाली असेल तर साथ उठतच नाही. अकोल्यात मजुरांच्या खोल्यांचा प्रश्न निघाला आणि कोणी त्यांच्या अस्वच्छतेवर बोलू लागला, की आम्ही त्याच्यापुढे हे समीकरण ठेवतो.