नागपूरला येताय? काय खावे, कुठे फिरावे आणि कोणाच्या हातचे खावे

अशोक विजयादशमी पंधरा-वीस दिवसांवर आली की बाहेरगावच्या कार्यकर्त्यांची आमच्याकडे विचारणा सुरू होते. दीक्षाभूमीवर कधी पोहोचावे, मुक्काम कुठे करावा, हे प्रश्न असतातच. त्यामागोमाग हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘चांगले सावजी कुठे मिळेल?’ डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशनावर मोर्चा घेऊन येणारेही हेच विचारतात. प्रत्येकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा सगळी माहिती एकदाच नीट मांडावी, म्हणून हा लेख.

यात हॉटेलांची नावे जवळजवळ नाहीत. हॉटेले बंद होतात, आचारी सोडून जातात, नाव मोठे झाले की चव बदलते. त्यापेक्षा पदार्थ कोणता, तो दिवसाच्या कोणत्या वेळी मिळतो, शहराच्या कोणत्या भागात आणि कोणाच्या हातचा, एवढे माहीत असले की नवखा माणूसही चांगले जेवून जातो.

खाणे-फिरणे ही आपल्यासाठी नुसती चैन नाही

१९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसोबत वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी प्रवासाची धूळ धुण्यासाठी मंडळींनी तिथल्या हौदावर हातपाय धुतले आणि त्यावरून मोठा गोंधळ झाला. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. सहल काढणे, वाटेत पाणी पिणे, हॉटेलात बसून जेवणे या गोष्टी आपल्या आजोबा-पणजोबांना सहज मिळालेल्या नाहीत.

संविधानाच्या कलम १५(२) ने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव यांची दारे सर्वांना उघडी केली. १९५५ च्या कायद्याने, ज्याला आता नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात प्रवेश नाकारणे तर गुन्हा ठरवलेच, शिवाय तिथली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. वेगळ्या कपाची प्रथा मोडणारे कलम ते हेच. तरीही खोली भाड्याने देताना नावानंतर आडनाव विचारणारे आजही भेटतात. म्हणून आम्ही एकमेकांना जागा सुचवतो तेव्हा चवीसोबत वागणुकीचीही माहिती देतो.

सकाळ : तर्री-पोहे

नागपूरची सकाळ पोह्यांनी सुरू होते. पुण्या-मुंबईकडच्या पोह्यांपेक्षा हे वेगळे. पोह्यांवर चण्याचा लाल, तेलाचा तवंग आलेला रस्सा ओततात. त्यालाच तर्री म्हणतात. वरून कांदा, शेव आणि लिंबू. हे गाडीवरचे, उभ्याने खायचे खाणे आहे. पहाटे कामावर निघणारे मजूर, रात्रपाळी संपवून परतणारे कामगार, शिकवणीला जाणारी पोरे ही त्याची रोजची गिऱ्हाइके. त्यामुळे सकाळी लवकर गेलात तर तर्री ताजी आणि पोहे मऊ मिळतात. उशिरा गेलात तर पातेल्याचा तळ मिळतो. कस्तुरचंद पार्काच्या आसपासचे पोहे जुन्या नावाजलेल्यांपैकी. मेट्रोचे स्थानकही तिथेच आहे. पण जवळपास प्रत्येक चौकात एक गाडी असतेच. जिथे रिक्षावाले उभे दिसतील तिथे थांबा.

तिखट सोसत नसेल तर ‘तर्री अलग’ म्हणून सांगा. वाटीत वेगळी मिळते, हवी तेवढी घेता येते. आलूबोंडा आणि समोसाही इथे तर्रीत बुडवून खातात.

दुपार-रात्र : सावजी

सावजी हे हलबा कोष्टी विणकरांचे जेवण. नागपूर हे कापडाचे गाव. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १८७७ मध्ये सुरू झाली, आणि मिलच्या आधीपासून हातमाग होतेच. दिवसभर मागावर बसणाऱ्या माणसाला थोडक्या रश्शात पोटभर भाकर किंवा भात जावा, अशी ही तिखट, दाट चव. हातमागाचे काम घटत गेले तशी अनेक घरे खानावळीकडे वळली. एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली, पण तिच्या कामगारवस्त्यांच्या चुली शहराची ओळख बनून राहिल्या. आज ‘सावजी’ची पाटी महामार्गावरच्या धाब्यांवरही दिसते, मूळ पट्टा मात्र इतवारी, टिमकी, गोळीबार चौक, पाचपावली असा आहे. मेट्रोने अग्रसेन चौकात उतरून तिकडे जाता येते.

मसाला काळपट असतो. लवंग, काळी मिरी, दगडफूल, खसखस, सुके खोबरे हे सगळे चांगले खरपूस भाजून वाटलेले. जुन्या घरांत जवसाचे तेल वापरत. मटण आणि गावराणी कोंबडीसोबत खूर म्हणजे पाय, मुंडी आणि सुंदरी म्हणजे आतडी हे प्रकारही मिळतात. प्राण्याचा कोणताही भाग वाया न घालवणारे हे स्वयंपाकघर आहे. आपल्या घरांतून वाढलेल्यांना ते परके वाटणार नाही.

पहिल्यांदा खाणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. एक, मसाला आधीच तयार असतो, त्यामुळे ‘कमी तिखट करा’ म्हणून फारसा फरक पडत नाही. रस्सा कमी घ्या, भात किंवा ज्वारीची भाकर जास्त घ्या. दोन, तिखट लागले की पाण्याने शमत नाही. दही किंवा ताक घ्या, लिंबू-कांदा सोबत ठेवा. तीन, दुसऱ्या दिवशी लांबचा प्रवास असेल तर आदल्या रात्री सावजीचा मोह आवरा.

मांस न खाणाऱ्यांनी सावजीकडे जाऊ नये असे नाही. पाटोडी रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्या झणझणीत रश्शात, डाळ-कांदा आणि शेवभाजी हे प्रकार बहुतेक ठिकाणी असतात. मात्र भांडी आणि रश्श्याचे पातेले वेगळे आहे का, हे आधी विचारून घ्या.

पाटीवर न दिसणारी लांब रोटी

नागपुरात येऊन हिला न भेटता जाऊ नका, असे आम्ही ज्या पदार्थाबद्दल आग्रहाने सांगतो तो म्हणजे लांब रोटी. कोणी मटका रोटी म्हणतात, कोणी रांधण रोटी. गव्हाचे पीठ चांगले सैल भिजवून, आपटून-आपटून त्याला ताण आणतात. मग तो गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत लांबवतात आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर अलगद पसरतात. क्षणात शिजते. रुमालासारखी पातळ, घडी घालून ठेवायची, मटणाच्या रश्शात चुरून खायची.

ही रोटी करणाऱ्या बहुतेक आपल्या वस्त्यांतल्या बाया आहेत. आईकडून, सासूकडून हाताला आलेली कला आहे ही. पीठ किती सैल, मडके किती तापलेले याचे माप कुठे लिहिलेले नाही. हातांना चटके बसतात, धूर डोळ्यांत जातो. अनेकींचे घर याच कमाईवर चालते. हॉटेलांच्या मेनूकार्डावर ती क्वचितच असते आणि ‘वऱ्हाडी जेवण’ म्हणून जे छापले जाते त्यातही तिला सहसा जागा नसते. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीवर ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये लिहिले, तेव्हा आपल्या चुलींवरचे अन्न मराठी पुस्तकात आले. विदर्भातल्या चुलींवर तसे काम अजून व्हायचे आहे. समाजशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा विषय जरूर घ्यावा.

रोटी मिळते कशी? उत्तर नागपुरात किंवा तुमच्या मुक्कामाच्या वस्तीत, विहारातल्या उपासिकांना विचारा. नगावर ऑर्डर घेतात, आदल्या दिवशी सांगावे लागते. रविवारी मागणी जास्त असते. दहा-पंधरा जणांचा गट असेल तर रोट्या एका घरून आणि मटण दुसऱ्या घरून असा बेत उत्तम जमतो. दरात घासाघीस करू नका. हॉटेलात पिझ्झ्याचे बिल न बघता भरणारे आपण, चुलीपुढे बसलेल्या बाईशी पाच रुपयांसाठी वाद घालतो, हे बरे दिसत नाही.

शब्द समजले की ऑर्डर सोपी

इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्यामुळे ‘सांबारवडी’ मागवलीत तर इडलीसोबतचे सांबार येणार नाही. कोथिंबिरीचे सारण भरून तळलेली खुसखुशीत वडी येईल. तिलाच पुडाची वडी म्हणतात, हिवाळ्यात ती खास. झुणक्याला चून म्हणतात, टोमॅटोला भेदरं, शेंगदाण्याला फल्ली. गोळाभात म्हणजे भरड डाळीचे मसालेदार गोळे भातात वाफवून, वरून गरम तेलाची फोडणी. हिवाळ्यात गावाकडे जाणे झाले तर गोवऱ्यांवर भाजलेले पानगे आणि वांग्याची भाजी चुकवू नका.

संत्री कधी घ्यावी

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बहार दोन. आंबिया बहाराचे फळ ऑक्टोबरपासून दिसू लागते, पण सुरुवातीला हिरवट आणि आंबट असते. नोव्हेंबर-डिसेंबरात ते गोड होते. मृग बहाराचे फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. म्हणजे दीक्षाभूमीला येणाऱ्यांनी पेटीभर संत्री नेण्याची घाई करू नये. अधिवेशनाच्या वेळी येणाऱ्यांनी जरूर न्यावीत. संत्रा बर्फी बारा महिने मिळते, पण ती खव्याची असल्याने फार दिवस टिकत नाही. लांब जायचे असेल तर निघण्याच्या दिवशीच घ्या.

फिरायचे कसे, कुठे

रेल्वे स्थानकावरून मेट्रोची ॲक्वा लाइन पकडून सीताबर्डीला उतरा, तिथे ऑरेंज लाइनला बदला. काँग्रेसनगरनंतरचे रहाटे कॉलनी स्थानक दीक्षाभूमीला पायी जाण्यासारखे आहे. इंदोरा आणि उत्तर नागपूरसाठी त्याच ऑरेंज लाइनवर उलट दिशेला, इंदोरा चौक.

दीक्षाभूमीशिवाय वेळ काढावा अशा जागा : कामठीचे ड्रॅगन पॅलेस टेम्पल, १९९९ पासूनचे, नागपूरपासून साधारण पंधरा किलोमीटर. चिचोलीचे शांतिवन, जिथे बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जतन केलेल्या आहेत. उघडे आहे ना याची खात्री करून निघा. शहरात १८६३ साली सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला सगळे अजब बंगला म्हणतात. एक पूर्ण दिवस हाताशी असेल तर भंडारा जिल्ह्यातील पवनी गाठा. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष मिळाले. वैनगंगेच्या काठचे हे गाव. इथे ज्वारी मागे पडते आणि भात-मासे सुरू होतात. एकाच दिवसात इतिहास आणि ताट दोन्ही बदललेले दिसते.

गर्दीच्या दिवसांत

- ऑक्टोबरचे ऊन कडक असते. पाण्याची बाटली, मीठ-साखर आणि टोपी सोबत ठेवा. मे महिन्यात बुद्ध पौर्णिमेला येत असाल तर दुपारी बाराच्या पुढे रस्त्यावर फिरणे टाळा.
- अनेक संस्था-संघटना भोजनदान करतात. गरम, समोर शिजणारे अन्न घ्या. कापून ठेवलेली फळे आणि उघडे सरबत टाळा.
- स्वतःचे ताट-वाटी आणा. पुढच्या दिवशी मैदानावरचा पत्रावळींचा ढीग उचलणारे सफाई कामगारही आपलेच असतात.
- भन्तेजी सोबत असतील तर त्यांचे भोजन दुपारी बाराच्या आत व्हायला हवे. त्याची तजवीज सकाळीच करा.
- मोर्चाच्या दिवशी यशवंत स्टेडियम आणि सीताबर्डी परिसरात रस्ते अडवलेले असतात. पोटभर खाऊनच बाहेर पडा.

तुमच्या गावची माहिती देताना

हा लेख नागपूरचा आहे. पण महाड, औरंगाबाद, मुंबई, देहूरोड, येवला इथेही आपली माणसे जातात. तिथल्या मित्रांनी एकमेकांना जागा सुचवताना पाच गोष्टी सांगाव्यात : पदार्थ, वेळ, भाग, साधारण खर्च आणि वागणूक. ‘भारी आहे, नक्की जा’ एवढ्याने कोणाचे पोट भरत नाही. बाई एकटी जाऊ शकते का, लहान मुलांसाठी काही मिळते का, शौचालय आहे का, हेही लिहा. कुठे भेदभाव झाला असेल तर तारीख, वेळ आणि सोबतचे साक्षीदार लगेच नोंदवून ठेवा. तक्रार करताना तीच नोंद कामी येते. आणि कोणी आपुलकीने वाढले असेल तर तेही तेवढ्याच आवर्जून सांगा, म्हणजे पुढच्या माणसाचे पाय आणि पैसे तिकडे वळतील.