बुडालेला नदीकाठ आणि लांब ओठांचा प्लास्टिकचा मासा

१/
बोटभर लांबीचा, गुबगुबीत, प्लास्टिकचा मासा. अंगाला तीन-तीन टोकांचे दोन गळ आणि तोंडापुढे जवळजवळ देहाइतकाच लांब, पारदर्शक ओठ. अमेरिकेत बास मासा धरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या या आमिषाला 'डीप डायव्हिंग क्रँकबेट' म्हणतात. रिळाची मूठ फिरवणे म्हणजे क्रँक करणे; मूठ फिरली की हे आमिष बुडी मारते. त्याचा ओठ इतका लांब का झाला, याचे उत्तर बऱ्याच अंशी धरणांच्या इतिहासात आहे. त्याविषयी हा धागा.

२/
प्रथम माशाविषयी. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील, गोड्या पाण्यातला शिकारी मासा. संथ नद्या, तळी व दलदली हे त्याचे मूळ घर. पाणवनस्पती आणि पडलेल्या झाडांच्या आडोशाला दबा धरून तो भक्ष्याची वाट पाहतो. साहजिकच, आरंभीची लाकडी आमिषे पृष्ठभागावर किंवा उथळ पाण्यात चालणारी होती. मिशिगनमधील जेम्स हेडन हे या व्यवसायातील आद्य कारखानदारांपैकी एक.

३/
ओठाची कल्पना धरणांहून जुनी आहे. इंडियानातील गॅरेट येथील क्रीक चब कंपनीने धातूचा ओठ लावलेली आमिषे विकली. त्याचे पेटंट १९२० चे. तत्त्व सोपे आहे. दोरा ओढला की पाण्याचा दाब तिरप्या ओठावर पडतो, नाक खाली जाते आणि देह डावी-उजवीकडे हेलकावतो. २ जून १९३२ रोजी जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी धरलेला २२ पौंड ४ औंसांचा विक्रमी बास याच कंपनीच्या आमिषाला लागला होता.

४/
त्यानंतर नद्याच बदलल्या. १९३३ मध्ये, महामंदीच्या काळात, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या 'न्यू डील' धोरणातून टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी, अर्थात टीव्हीए, स्थापन झाली. पूरनियंत्रण, जलवाहतूक आणि वीजनिर्मिती ही तिची प्रमुख कामे. आपल्याकडील १९४८ च्या दामोदर खोरे निगमाने हाच नमुना डोळ्यांसमोर ठेवला होता. क्लिंच नदीवरील नॉरिस हे टीव्हीएने बांधलेले पहिले धरण १९३६ मध्ये पूर्ण झाले.

५/
नॉरिसच्या पाण्याखाली लॉइस्टन नावाचे गाव गेले. बालमजुरांच्या छायाचित्रांसाठी प्रसिद्ध असलेले लुईस हाइन यांनी १९३३ मध्ये टीव्हीएसाठी या परिसराची छायाचित्रे टिपली. घरे, शेते, दुकाने आणि थोड्याच काळात उठून जाणारी माणसे त्यांत दिसतात. हजारो कुटुंबांना जमीन सोडावी लागली. कबरीसुद्धा उकरून अन्यत्र हलवण्यात आल्या.

६/
टेनेसी नदीवरील केंटकी धरण १९४४ मध्ये पूर्ण झाले. यादवी युद्धाच्या अभ्यासकांना जॉन्सनव्हिल हे नाव परिचित असेल. नोव्हेंबर १८६४ मध्ये दक्षिणेचा सेनानी फॉरेस्ट याने नदीपलीकडून तोफा डागून तेथील उत्तरेच्या रसदतळाची दाणादाण उडवली होती. त्या जुन्या गावाचा मोठा भाग आज केंटकी जलाशयाखाली आहे.

७/
माशाच्या दृष्टीने पाहता, जलाशय भरल्यावर जुनी भूमी पाण्याखाली शाबूत राहिली: नदीचे मूळ पात्र, त्याचा काठ, रस्ते, घरांचे पाये, तोडलेल्या झाडांचे बुंधे. वसंतात बास उथळ खाड्यांत अंडी घालतो. उन्हाळा लागला की त्यातील बरेच मासे जुन्या नदीकाठाच्या कडेवर येतात. तेथे दहा-वीस फुटांवरचा सपाट तळ एकदम खोल पात्रात उतरतो आणि शॅड या लहान माशांचे थवे त्या कडेने फिरतात. उथळ आमिष या साऱ्याच्या डोक्यावरून निघून जाई.

८/
हा खोल तळ वाचायला शिकवणाऱ्यांत नॉर्थ कॅरोलायनाचे बक पेरी अग्रणी. १९४० च्या दशकात त्यांनी 'स्पूनप्लग' हे धातूचे बुडणारे आमिष आणले. ते नावेमागे ओढत ते तळ चाचपत. टेक्सासमध्ये त्याच दशकात 'बॉम्बर' हे बुडी मारणारे आमिष आले. १९५७ मध्ये कार्ल लोरन्स यांनी ध्वनिलहरींनी खोली दाखवणारे, नावेत नेता येणारे यंत्र बाजारात आणले. अनेकांनी तर जलाशयापूर्वीचे भूमापन नकाशे मिळवून बुडालेले रस्ते शोधले. इतिहासाचे साधन असे मासेमारीच्या पिशवीत आले!

९/
आता निवडीकडे. पहिला प्रश्न खोलीचा. आमिष तळाला टेकले पाहिजे. म्हणून तळ १५ फुटांवर असेल, तर १६ ते १८ फूट जाणारे निवडावे. रापालाच्या 'डीटी' मालिकेत हा आकडा नावातच असतो: डीटी १० म्हणजे दहा फूट, डीटी १६ म्हणजे सोळा. साधारणपणे ओठ जितका लांब आणि देहाच्या रेषेत, तितकी बुडी खोल. ओठ उभा असेल, तर आमिष उथळच राहते.

१०/
आकार व रंग तेथील भक्ष्यावरून ठरतात. स्वच्छ पाण्यात शॅडसारखा रुपेरी-पांढरा, गढूळ पाण्यात भडक पोपटी-पिवळा. दोरा बारीक हवा, साधारण १० ते १२ पौंडी; जाड दोऱ्याला पाणी अधिक अडते आणि आमिष वरच राहते. काठी लांब व लवचीक असावी. रीळ संथ गतीचे बरे, कारण खोल आमिष ओढताना हाताला बराच जोर लागतो.

११/
फेक लांब हवी. आमिषाला खाली पोहोचायला अंतर लागते आणि नावेजवळ ते पुन्हा वर येते. पूर्ण खोली फक्त मधल्या टप्प्यात मिळते. यावर पॉल इलायस यांनी १९८२ च्या बासमास्टर क्लासिक स्पर्धेत, अलाबामा नदीवर, नामी उपाय योजला. नावेत गुडघे टेकून त्यांनी काठीच पाण्यात खुपसली. आमिष काही फूट आणखी खाली गेले आणि ते विजेते ठरले.

१२/
आमिष बुंध्यावर आदळले की क्षणभर थांबावे. ते तरंगणारे असल्याने मागे सरकत वर येते. पुढचा ओठ गळांना अडकू देत नाही. दिशा अशी अचानक बदलली की बास बहुधा त्याच क्षणी झडप घालतो. फेक प्रवाहाच्या वरच्या बाजूस करावी. टीव्हीएच्या जलाशयांत हा प्रवाह धरणातील जनित्रे चालू झाली की वाढतो. शॅड वाहू लागतात आणि बास खाऊ लागतो. म्हणून जाणकार वीजनिर्मितीचे वेळापत्रक पाहून नाव काढतात.

१३/
या साहित्यात एक गोष्ट मला खटकते. शेताचा बांध, घराचा पाया, गावचा रस्ता या सर्वांना तेथे 'स्ट्रक्चर' किंवा 'कव्हर' हे एकच नाव आहे. ज्या कडेवर मासा हमखास मिळतो, तिच्यावर नांगर कोणी धरला होता, हे सहसा कोणी सांगत नाही. धरणाने वीज दिली, पूर रोखले, हे खरेच; पण हिशेबाची दुसरी बाजू त्याच पाण्याखाली आहे.

१४/
नॉरिस जलाशयाच्या सर्वांत रुंद भागाला आजही 'लॉइस्टन सी' म्हणतात. हाइन यांची छायाचित्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ती पाहावीत आणि मग त्या जलाशयाचा खोलीदर्शक नकाशा उघडावा. दोन्ही एकाच भूमीची साधने आहेत. आपल्या परिसरातील जलाशयाखाली कोणती गावे आहेत, हे ठाऊक असल्यास खाली अवश्य लिहा.

धागा समाप्त.